‘नाडी’चं बिऱ्हाड हलवणारी उज्ज्वला

उज्ज्वला गेल्याची बातमी मला अभिजितकडून कळली, याचा राग अजून उतरलेला नाही. त्याने मला फोन केला असं नाही. तेवढं धाडस त्याच्यात नाही. मी त्या दिवशी पानशेतच्या वरच्या अंगाला एका आरोग्य उपकेंद्रात कॉम्प्युटर बघायला गेले होते. तिथे रेंज नसते. परत येताना धरणापाशी, पुण्याच्या लोकांसाठी भज्यांच्या टपऱ्या सुरू होतात तिथे, फोन एकदम वाजायला लागला. गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर सगळ्यात वर उज्ज्वलाचा फोटो आणि खाली अभिजितचा मजकूर. ‘माझी जिवलग सहकारी, हसतमुख, क्षमाशील उज्ज्वला आज आपल्यात नाही...’ तिच्या आईचे, म्हणजे आमच्या काकींचे, न लागलेले फोन त्याच्याही खाली होते. उज्ज्वला पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलात होती तिथे त्याच्या ओळखीचं कोणीतरी होतं, हे नंतर समजलं. त्या टपऱ्यांच्या समोर उभी राहून मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. हसतमुख. क्षमाशील. रडू आलं ते नंतर. आधी वाटलं, हा माणूस आता तिला स्वतःला हवी तशी करून घेणार, आणि तिला उठून दोन शब्द सुनावता येणार नाहीत. म्हणून हा लेख.

उज्ज्वला हसतमुख नव्हती. फोटो काढताना तिला हसायला सांगितलं तर ती कॅमेऱ्याकडे बघायचीच नाही. ती वेल्ह्याकडच्या विंझरची, वडिलांचं तिथे छोटं किराणा दुकान होतं. मी भोरची. भोरच्या ज्युनियर कॉलेजात आमची गाठ पडली, मग पुण्यात इंजिनियरिंगला एकाच खोलीत राहिलो. मी एखाद्याशी भांडले की संध्याकाळपर्यंत विसरायची. ती भांडायचीच नाही. गप्प बसायची, आणि मग कितीतरी दिवसांनी, समोरचा सगळं विसरून गेल्यावर, बरोबर त्या जागी बोट ठेवायची. हा स्वभाव मला तेव्हा भीतीदायक वाटायचा. पुढे त्याच स्वभावाने आम्हा सगळ्यांची मेहनत वाचवली.

तिच्या वडिलांना एका गोळीची ॲलर्जी होती. वेल्ह्याच्या दवाखान्यात ते माहीत होतं, पण एकदा बरं नव्हतं म्हणून त्यांना भोरला नेलं, तिथून पुण्याला, आणि प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. शेवटी कुठेतरी तीच गोळी पुन्हा दिली गेली. माणूस वाचला, पण अंगावर उठलेल्या फोडांनी महिनाभर झोपू शकला नाही. उज्ज्वला आणि मी तेव्हा पुण्यात एकाच कंपनीत नोकरी करत होतो. सुट्टी घेऊन ती वडिलांच्या उशाशी बसली आणि तिथेच तिने ‘नाडी’ लिहायला घेतली... दवाखान्यांतल्या नोंदी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, जे कुठल्याही सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्याला फुकट वापरता येईल आणि ज्याचा कोड कोणालाही उघडून बघता येईल. नाव ऐकून काकी म्हणाल्या होत्या, “नाडी? परकराची का?” तेव्हा मात्र ती खरंच हसली होती.

अभिजित आमच्या कंपनीतलाच. बोलायला गोड, दिसायला चांगला, चारचौघांत वजन पडेल असा. त्याने नोकरी सोडून स्वतःची छोटी फर्म काढली होती आणि ‘नाडी’ त्याला पहिल्या दिवसापासून आवडली. मदतही त्याने खरी केली, हे मी नाकारत नाही. पहिल्या वर्षातला कितीतरी कोड त्याचा आहे. काम वाढलं, अनोळखी लोक आपणहून मदतीला येऊ लागले, तेव्हा प्रश्न आला की हे सगळं ठेवायचं कुठे. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण शेकडो माणसं निरनिराळ्या गावांत बसून एकच सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा कोणी काय बदललं, का बदललं, कोणी तपासलं, कोण काय तक्रार करतंय, हे सगळं राहील अशी जागा इंटरनेटवर लागते. कोड हा त्यातला एक भाग. बाकी सगळी असते चर्चा, आणि खरं शहाणपण त्या चर्चेत असतं.

भोरला बाजारपेठेतल्या एका खताच्या दुकानावरची खोली आम्ही घेतली होती. तिथे बैठक झाली. उज्ज्वलाचं म्हणणं, ज्या सॉफ्टवेअरवर कोड ठेवायचा ते स्वतःसुद्धा ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचं, असावं आणि आपल्या सर्व्हरवर चालावं. अभिजित म्हणाला, एवढी डोकेदुखी कशाला, एका बड्या कंपनीची साइट आहे, सगळं जग तिथे आहे, फुकट आहे, आपण दिसू तरी. खोलीतल्या बहुतेकांना त्याचं पटलं. मी उज्ज्वलाच्या बाजूने बोलले, पण माझं कोण ऐकतं. खातं उघडलं गेलं ते अभिजितच्या फर्मच्या नावाने, कारण त्याच्याकडे सगळी कागदपत्रं तयार होती. उज्ज्वलाने जागेचा हट्ट सोडला. परवान्याचा सोडला नाही. ज्याने जो भाग लिहिला त्यावरचा हक्क त्याच्याकडेच राहील, आणि कोणी ‘नाडी’ बदलून लोकांना वापरायला दिली तर त्याने बदललेला कोडही खुला करायचा, असा परवाना तिने घालायला लावला. अभिजित हसून म्हणाला होता, “घाल गं. लायसन कोण वाचतं?”

पुढची काही वर्षं मला आयुष्यातली सगळ्यात चांगली वाटतात. आसामचा एक डॉक्टर, केरळातल्या दोन बहिणी, केनियातला एक शिक्षक... असे लोक रोज भेटायचे, न भेटता. वेल्ह्याकडच्या एका नर्सने लिहिलं की छापील चिठ्ठीवर औषधाच्या मात्रेतला दशांश टिंब पुसट येतो आणि अर्ध्याचे पाच वाचले जातात. त्या एका ओळीवर जगभरच्या लोकांनी इतका काथ्याकूट केला की शेवटी मात्रा अक्षरी छापायचं ठरलं. उज्ज्वला तोपर्यंत नोकरी सोडून विंझरला परत आली होती. दुपारी काकींबरोबर शेतावर, बाकी वेळ ‘नाडी’. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर काकीच सांगायच्या, “तिला येळ न्हाई.”

आणि एके सकाळी आम्ही उठलो तर दार बंद. आपल्याला ही जागा बघण्याची परवानगी नाही, एवढंच पडद्यावर. मला वाटलं माझाच पासवर्ड चुकतोय. मग आसामचा फोन आला, केरळचा आला. अभिजितने सगळ्यांचे अधिकार काढून घेतले होते आणि सगळं खाजगी करून टाकलं होतं. उज्ज्वलाने त्याला फोन लावला तेव्हा मी तिच्या शेजारी होते. त्याचा आवाज नेहमीसारखाच गोड. आता हे व्यावसायिक हातांत जायला हवं, मोठी हॉस्पिटलं तयार आहेत, तुझं नाव आम्ही नक्की कुठेतरी देऊ, असं तो सांगत होता. तिने पूर्ण ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि मला म्हणाली, “वंदे, ह्याला म्या सोडणार न्हाई.” ती घराबाहेर नेहमी शाळेतली मराठी बोलायची. गावची बोली तोंडात आली की समजायचं, आता ठरलं.

कोड गेला नव्हता. प्रत्येक काम करणाऱ्याच्या यंत्रावर त्याची पूर्ण प्रत असते, पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासासकट. गेली होती ती चर्चा. त्या नर्सची ओळ, त्यावरचा काथ्याकूट, कोणती चूक का झाली आणि कशी सुधारली याची कैक वर्षांची आठवण. मी म्हटलं, कोर्टात जाऊ. परवाना त्याने उघड मोडलाय. ती म्हणाली, कोर्टात तारखा पडतात आणि तारखांची त्याला सवय होईल. त्याच्याकडे आज गमावण्यासारखं काही नाही, होऊ दे आधी. हे ती शेंगा फोडत बोलत होती, अगदी शांत. मला काटा आला... आणि बरंही वाटलं.

मग तिने नवी जागा शोधायला घेतली, आणि या वेळी कोणालाही घाई करू दिली नाही. एकेक ओपन सोर्स प्लॅटफॉर्म घ्यायचा, भोरच्या खोलीतल्या जुन्या सर्व्हरवर चढवायचा, ‘नाडी’ त्यात पूर्ण भरायची आणि मग पूर्ण बाहेर काढायची. भरणं सगळीकडे सोपं होतं. तिला बघायचं होतं निघता किती येतं. एक फार देखणं होतं, नावाजलेलं होतं. पण मोठ्या कामाला लागणाऱ्या नेमक्या सोयी त्यांनी खुल्या भागात ठेवल्याच नव्हत्या, त्यासाठी कंपनीच्या दारात जावं लागत होतं. ते गेलं. एक अगदी सुटसुटीत होतं, पण आमचा इतका मोठा इतिहास आणि क्ष-किरणांच्या जड फायली चढवल्या की त्याला दम लागायचा. तेही गेलं. तिसऱ्यातून कोड बाहेर यायचा, पण चर्चा यायची ती कोणी लिहिली त्याच्या नावाशिवाय. त्यावर ती चिडली. नाव नसेल तर उद्या कोणीही म्हणेल हे माझं, असं म्हणाली. शेवटी एका स्वयंसेवी मंडळाने चालवलेलं एक निवडलं. त्याचा स्वतःचा कोड त्याच्यावरच ठेवलेला होता, विंझरच्या मोबाईल रेंजवरही त्याची पानं उघडायची, आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सगळं जसंच्या तसं नेता यायचं. मालकी एकाची ठेवली नाही. चावी तिघांकडे, तिघं तीन ठिकाणी.

हरवलेली चर्चा तिने कशी परत आणली, ते ऐकून पुण्यातले मोठमोठे लोक आजही माझ्याकडे बघत राहतात. जुन्या जागेवर कोणी काही लिहिलं की सगळ्यांना त्याची ई-मेल जायची. ती आम्ही कधी वाचायचो नाही, पण पुसलीही नव्हती. उज्ज्वलाने जगभरच्या आमच्या लोकांकडून ती सगळी मागवली, एक प्रोग्राम लिहिला आणि वाक्यावाक्याने ती सगळी बोलणी पुन्हा उभी केली. त्यात जवळजवळ वर्ष गेलं. नर्सची ओळ परत आली त्या दिवशी तिने मला विंझरला बोलावून घेतलं. काकींनी पुरणपोळी केली होती. सणबिण काही नव्हता.

इकडे अभिजितची फर्म मोठी होत होती. बंद केलेली ‘नाडी’ वेगळ्या नावाने तो खाजगी हॉस्पिटलांना देत होता. वर्तमानपत्रांत फोटो यायचे. मी कात्रणं दाखवायची तर ती म्हणायची, वाढू दे. मग ती वेळ आली. एका मोठ्या कंपनीने त्याची फर्म विकत घ्यायचं ठरवलं आणि त्यांच्या वकिलांनी तो परवाना वाचला. ज्याचा त्याचा हक्क ज्याच्या त्याच्याकडे होता. कोड बंद ठेवायचा तर लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. अभिजितच्या गोड ई-मेल सगळीकडे गेल्या. पण ते सगळे आता आमच्या नव्या जागेवर रोज एकमेकांना भेटत होते. उज्ज्वलाने एकेकाला फोन केला. कोणावर दबाव टाकला नाही. जे झालं ते सांगितलं आणि म्हणाली, तुम्हाला वाटेल ते करा. आसामच्या डॉक्टरने संमती दिली नाही. केरळच्या बहिणींनी दिली नाही. केनियाच्या शिक्षकाने अभिजितला उत्तर पाठवलं, त्यात फक्त परवान्यातलं ते कलम होतं.

आणि मग तो स्वतः विंझरला आला. मोठी गाडी, रस्त्यालाच लावावी लागली, कारण घराकडे जाणारी वाट अरुंद आहे. मी तिथे होते. तिनेच मला सांगून ठेवलं होतं की येईल तेव्हा तू हवीस. काकींनी त्याला ताक दिलं. तो पडवीत खुर्चीवर बसला, ती खाली जोत्यावर. तो बराच वेळ बोलला. चूक झाली, तरुण होतो, दडपण होतं, फर्ममध्ये एवढी माणसं आहेत, त्यांच्या संसाराचा विचार कर. तुला संचालक करतो. वडिलांच्या नावाने दवाखाना काढू वेल्ह्यात. ती ऐकत होती. शेवटी त्याने विचारलं, “उज्ज्वला, तुला नेमकं काय पाहिजे?”

“मला काहीच नको,” ती म्हणाली. “तुला जे पाहिजे ते तुला मिळू नये, एवढंच.”

त्याने हातातला पेला खाली ठेवला. मग काकींकडे वळून म्हणाला, काकी, तुम्ही तरी समजवा हिला. काकींनी त्याचा ताकाचा पेला उचलला, तो अजून अर्धा भरलेला होता, आणि म्हणाल्या, “आमी न्हाई समजावत. ती लहानपणापासून अशीच हाय, आन आमाला तशीच आवडती.”

तो व्यवहार मोडला. विकत घेणाऱ्या कंपनीने माघार घेतली, ज्या हॉस्पिटलांनी ते सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि काही महिन्यांत फर्मला टाळं लागलं. तिथली बरीचशी मुलं आमच्याकडे आली. कोड त्यांच्या ओळखीचाच होता. बातमी कळली त्या दिवशी उज्ज्वला आणि मी कापूरहोळला गेलो आणि ढाब्यावर पोटभर जेवलो. तिने दुसऱ्यांदा तांबडा रस्सा मागवला. मला लोक विचारतात, सूड घेऊन शेवटी रितं रितंच वाटतं ना? तिला नाही वाटलं. मलाही नाही. तिने हात धुतले, बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाली, “आता कामाला लागू.” तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. असा निवांत चेहरा मी तिचा त्याआधी पाहिला नव्हता आणि पुढे पाहायला मिळाला नाही, कारण त्याच वर्षी पोटाचं दुखणं निघालं.

कॅन्सरने तिला फार वेळ दिला नाही. तिने तो वाया घालवला नाही. अंथरुणावर लॅपटॉप घेऊन माणसं नेमली, कामं वाटली, स्वतःची चावी माझ्याकडे दिली. कोणीतरी सुचवलं की आता जुन्या इतिहासातून अभिजितचं नाव काढून टाकू. आम्हा बहुतेकांना ते पटलं होतं. ती उठून बसली. म्हणाली, अजिबात नाही, त्याने लिहिलं ते त्याच्याच नावावर राहील. मग म्हणाली, आणि तो कुठे थांबला तेही दिसत राहील. अभिजितने त्या दिवसांत भेटायला येतो असा निरोप दोनदा पाठवला. दोन्ही वेळा तिने मान हलवली, नाही. ‘क्षमाशील’ म्हणणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

भोरला शोकसभा झाली तेव्हा तो आला. पांढरा सदरा, हातात फुलं. सभा चालवणाऱ्यांना आमच्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी जुना सहकारी म्हणून त्याचं नाव बोलणाऱ्यांत घातलं होतं. तो उठून माइककडे निघाला. मी उठणार तेवढ्यात काकी पहिल्या रांगेतून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

“तुमी आलात, बसा. पर माझ्या पोरीबद्दल तुमी बोलायचं न्हाई.”

तो मधल्या वाटेत थबकला. वाटलं होतं निघून जाईल. पण सगळे बघत होते आणि दारापर्यंत चालत जाणं बहुतेक बसण्याहून अवघड होतं. तो बसला. मग वेल्ह्याच्या दवाखान्यातली ती नर्स बोलली, डॉक्टर आसामहून फोनवर बोलले, त्याच्या फर्ममधून आमच्याकडे आलेली एक मुलगी बोलली आणि बोलताना रडली. तो फुलं मांडीवर घेऊन सगळं ऐकत होता. सभा मुद्दाम लांबवली असं माझ्याबद्दल कोणी म्हणेल. म्हणू दे. मी आणखी तिघांना बोलायला लावलं.

आता दर शनिवारी दुपारी मी भोरच्या खोलीत जाते. उज्ज्वलाची ही सवय होती, ती माझ्याकडे आली आहे. ‘नाडी’ची पूर्ण प्रत घ्यायची, कोपऱ्यातल्या रिकाम्या यंत्रावर ती नव्याने चढवायची, आणि कोड, चर्चा, माणसं, नावं, सगळं उतरलं का ते डोळ्यांनी बघायचं. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं ती मानायची नाही. उभा राहून चालला तरच तो बॅकअप. खाली खताच्या पोत्यांची चढउतार चालू असते, खोलीभर त्याचा वास असतो. तिची प्लास्टिकची खुर्ची मी बदललेली नाही. काम संपेपर्यंत ऊन भिंतीवरून खाली येतं.

शोकसभेनंतर काही दिवसांनी आमच्या जागेवर एक विनंती आली. अभिजितला पुन्हा ‘नाडी’त काम करायचं आहे, साधा सभासद म्हणून. सोबत दोन ओळी, तिच्या आठवणीसाठी असं काहीतरी. निर्णय माझ्या हातात आहे. मी ती मंजूर केलेली नाही. नाकारलेलीही नाही, नाकारली की तो मोकळा होईल, चार लोकांना सांगेल. ती ‘प्रलंबित’ म्हणून तशीच आहे आणि माझ्या हयातीत तशीच राहील. शनिवारी नव्या यंत्रावर सगळं चढवून झालं की सगळं नीट आलं का, हे मी सगळ्यात आधी त्या विनंतीवरूनच बघते. पान उघडते, खाली त्याचं नाव, पुढे तोच शब्द. असलं की समजायचं, काही हरवलेलं नाही. मग मी यंत्र बंद करते, खिडकी लावते आणि घरी जाते.